दोन बोटांची फट

मरोळच्या औद्योगिक वसाहतीला पाठ लावून एक इंजिनिअरिंग कॉलेज उभं आहे. तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून उजवीकडे वळलं की त्याची कॉम्प्युटर लॅब. लॅबमध्ये बेचाळीस कॉम्प्युटर, पण एका वयाचे नाहीत. चार वेगवेगळ्या वर्षी, जेव्हा जसा निधी आला तसे घेतलेले. काही चटपटीत, काही सकाळी चालू केले की चहा पिऊन येईपर्यंत जागे न होणारे. या सगळ्यांची खडानखडा माहिती असलेली एकच व्यक्ती कॉलेजात होती. तिचं नाव शकुंतला तायडे. प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे तिला शकुताई म्हणत.

शकुचे वडील भाऊराव बुलढाण्याकडचे. मुंबईत येऊन त्यांनी सांताक्रूझच्या विमानतळावर माल चढवण्याउतरवण्याचं काम एकतीस वर्षं केलं. चौथीपर्यंत शिकलेल्या या माणसाने दोन्ही मुलींना मात्र शिकवलं. शकुने आयटीआयमधून कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स केला आणि २००९ साली ती या कॉलेजात लॅब अटेंडंट म्हणून लागली. काम काय, तर सकाळी लॅब उघडायची, धूळ पुसायची, विद्यार्थ्यांच्या सह्या घ्यायच्या, संध्याकाळी कुलूप लावायचं. एवढं केलं असतं तरी पगार चुकला नसता. पण कंपनीचे लोक मशीन दुरुस्त करायला आले की शकु त्यांच्या खुर्चीमागे उभी राहायची. ते काय दाबतात, कुठे जातात, काय वाचतात, सगळं बघायची. दोन वर्षांनी कंपनीच्या लोकांचं येणं कमी झालं. पाच वर्षांनी बंदच झालं, कारण बोलावण्यासारखं काही उरत नव्हतं. तिचा हुद्दा तेवढा अटेंडंटवरून असिस्टंट झाला.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत रुचिरा राणे नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी लॅबमध्ये आली ती रडवेली होऊन. एका हातात स्वतःचा लॅपटॉप, दुसऱ्या हातात कागदांची चळत.

"ताई, वाट लागली आमची. दोन कॉम्प्युटर दोन उत्तरं देतायत."

रुचिराच्या गटाचा प्रोजेक्ट कॉलेजच्या मागच्याच गल्लीतला होता. तिथे एक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. पितळेची बकलं, कड्या, दारांच्या मुठी आम्लाच्या टाकीत बुडवून त्यांवर चकाकी चढवतात. टाकीतून उठणारी वाफ ओढून घ्यायला वर पत्र्याचं छत्रीसारखं हूड आणि त्याला जोडलेला पंखा. टाकीपाशी सहा बाया दिवसभर उभ्या राहून तारांना माल अडकवतात. त्यांतली सपना नावाची बाई खोकून खोकून बेजार झाली होती. युनिटचा मालक तसा भला माणूस. त्याने कॉलेजला विचारलं होतं, की पंखा पुरतो की मोठा बसवू, एवढं सांगा.

हे शोधायला मुलांनी सिम्युलेशनचा एक मोफत मिळणारा प्रोग्राम घेतला होता. टाकी, हूड, भिंती यांची मापं त्यात भरायची. प्रोग्राम त्या जागेचे बारीक बारीक चौकोन पाडून जाळी तयार करतो आणि प्रत्येक चौकोनात हवा किती वेगाने कुठे जाईल याचा हिशोब करतो. टाकीच्या कडेला हवेचा वेग सेकंदाला पन्नास सेंटिमीटर असला की वाफ हूडमध्ये खेचली जाणार, असं मुलांच्या प्राध्यापिका जान्हवी परुळेकर यांनी ठरवून दिलं होतं.

"लॅबमधल्या मशीनवर बावन्न येतंय," रुचिरा म्हणाली. "माझ्या लॅपटॉपवर अडतीस. फाईल तीच, मापं तीच. एक म्हणतं पंखा पुरतो, एक म्हणतं नाही पुरत."

तेवढ्यात जान्हवी मॅडम आल्या. तिशीच्या, हुशार, पण नोकरीत नव्या. त्यांच्या मागोमाग विभागप्रमुख. त्यांनी कागद उभ्याउभ्याच चाळले आणि निकाल दिला, "लॅबचं मशीन कॉलेजचं आहे, अधिकृत आहे. बावन्न लिहा आणि पुढे चला. एप्रिलमध्ये परीक्षा आहे."

ते गेले. जान्हवी मॅडम खुर्चीत बसल्या.

शकु म्हणाली, "मॅडम, लॅबचं मशीन म्हणजे कुठलं? माझ्याकडे बेचाळीस आहेत."

"सोळा नंबर."

"मग मी बाकीच्यांवर पण चालवून बघते."

चार दिवसांत तिने तीच फाईल वेगवेगळ्या वर्षांच्या पाच मशीनवर चालवली. दोहोंवर बावन्न आलं, एकावर पंचेचाळीस, एकावर अडतीस, आणि पाचवं मध्येच बंद पडलं. ते आकडे तिने मॅडमच्या टेबलावर ठेवले तेव्हा मॅडमनी कपाळाला हात लावला.

"शकुताई, आता तर तीन उत्तरं झाली!"

"हो ना. म्हणून तर बरं झालं. दोनच असती तर आपण एक उचलून मोकळं झालो असतो."

उत्तरं वेगळी का, हे तिला अंधुक कळत होतं. प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याच्या दिमतीला शेपन्नास छोट्या छोट्या फायली लागतात. कुणी गणित करून देतं, कुणी जाळी पाडून देतं, कुणी आकडे साठवतं. मशीन ज्या वर्षी आलं त्या वर्षीची आवृत्ती त्याच्या पोटात. वरून नाव तेच, आतला कारभार निराळा. मग सगळीकडे एकच कारभार कसा करायचा? प्रत्येक मशीनवरचं सगळं काढून नव्याने टाकावं, तर बाकीच्या वर्गांचे प्रोग्राम बंद पडणार. एकाचं भलं करताना दुसऱ्याचा बळी.

घरी, चारकोपला, जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. प्रबुद्ध बेस्टच्या डेपोत मेकॅनिक. तो म्हणाला, "आमच्याकडे बाहेरच्या डेपोत काम करायला जातो ना, तेव्हा आपली पेटी आपणच नेतो. तिथले पाने कुठल्या मापाचे असतील कुणी सांगावं?"

शकुने हातातला घास खाली ठेवला. कंटेनर हा शब्द तिने लॅबमधल्या एका पाहुण्या वक्त्याकडून ऐकला होता, पण त्या दिवशी तो डोक्यावरून गेला होता. दुसऱ्या दिवशी ती तो शोधायला बसली. आणि खरोखर तसंच होतं. प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फायली, ठरलेल्या आवृत्तीच्या, एकत्र बांधायच्या. मशीन कुठलंही असो, प्रोग्राम त्या बांधलेल्या आवरणाच्या आतच चालतो. बाहेरच्या मशीनचं जुनं-नवं त्याला बाधत नाही, आणि तोही बाहेरचं काही बिघडवत नाही.

समजलं खरं, पण करायचं कसं? सगळी माहिती इंग्रजीत. शकुचं इंग्रजी म्हणजे पडद्यावर येणाऱ्या सूचनांपुरतं. ती एकेक ओळ वाचायची, अडलेला शब्द हाताने लिहून काढायची, आणि मग तो कुणाला तरी विचारायची. कधी मॅडमना, कधी रुचिराला, एकदा तर ग्रंथपालांना. काय काय कुठल्या आवृत्तीचं घ्यायचं, याची कृती एका साध्या फाईलमध्ये ओळीने लिहावी लागते, स्वयंपाकाच्या कृतीसारखी. शकुची पहिली कृती सोळा ओळींची होती आणि तिसऱ्याच ओळीला फसली.

फसत फसत तीन शनिवार गेले. एकदा सगळं नीट चाललं, पण निघालेल्या उत्तराच्या फायली तिला उघडता येईनात की पुसता येईनात, कारण मशीन म्हणे, या तुझ्या मालकीच्या नाहीत. एकदा सगळ्या आवृत्त्या जुळल्या, पण बांधलेलं गाठोडं एवढं मोठं झालं की लॅबच्या निम्म्या मशीनवर त्याला जागाच नव्हती. नको त्या फायली वेचून वेचून तिने ते पावपट केलं. जुन्या मशीनवर तर ते चालूच होईना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की त्या मशीनमध्ये खोलवर एक परवानगी बंद ठेवलेली असते. ती आधी उघडावी लागते. मग शकु एकेका मशीनसमोर बसली. बंद करायचं, चालू करायचं, सुरू होता होता नेमक्या क्षणी बटण दाबायचं, परवानगी उघडायची, पुढचं मशीन. बेचाळीसपैकी पाचांनी शेवटपर्यंत दाद दिली नाही. सदतीस तयार झाले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रुचिराच्या गटासमोर तिने एकाच वेळी सहा कॉम्प्युटर सुरू केले. सर्वांत जुना एक, सर्वांत नवा एक, मधले चार. शिवाय रुचिराचा लॅपटॉप. पाच-सहा तासांनी, जसजसा जो संपला तसतसं उत्तर येत गेलं. अडतीस. अडतीस. अडतीस. दशांश चिन्हापुढचे आकडेसुद्धा तेच. सातव्या अडतीसला मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"झकास, ताई!" रुचिरा नाचायचीच बाकी होती.

जान्हवी मॅडमचे डोळे चमकत होते. "शकुताई, हे पीएचडीवाल्यांना जमत नाही हो. आता बिनधास्त अडतीस लिहू."

शकुला मात्र बापाची आठवण झाली होती. विमानतळावर पेट्यांवर वजन लिहिलेलं असायचं. दहा पेट्यांवर दहाही वेळा वीस किलो. भाऊराव पाठीवर घेतल्या घेतल्या सांगायचे, ही वीसची नाही. "छापलेलं सगळ्यांवर सारखंच असतं बाई," ते घरी म्हणायचे, "पाठीला खरं कळतं."

"मॅडम," ती म्हणाली, "सगळे एकच बोलतायत, कारण मी सगळ्यांना एकच शिकवलंय. मी जर गाठोड्यात जुनी आवृत्ती बांधली असती ना, तर सगळे एका सुरात बावन्न म्हणाले असते. आणि आपण त्यालाही टाळ्या वाजवल्या असत्या."

मुलांचे चेहरे पडले. मॅडम हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे. मी हे आधी विचारायला हवं होतं."

"मोजून बघायचं का खरोखर?"

"युनिटमध्ये चालू टाकीवर मुलांना नाही उभं करता येणार. आम्ल आहे ते, आणि नुसत्या मोजणीसाठी टाक्या रिकाम्या करून काम कसं थांबवणार?"

"मग आपण इथे हूड बनवू. दत्तारामदादांना विचारते."

दत्ताराम मेस्त्री कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम शिकवायचे. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, तिथला संप संपला तेव्हा दत्ताराम सतरा वर्षांचे होते आणि त्यांच्या हातात कात्री आली होती ती पत्रा कापायचीच. निवृत्तीला आता जेमतेम वर्ष उरलेलं. कॉम्प्युटरशी त्यांचं वैर नव्हतं, पण ओळखही नव्हती.

शकुने नकाशा समोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ह्या काय गो? छत्री?"

"हूड आहे, दादा. खऱ्या मापाचं हवंय. मालक तसाच जादाचा पंखा द्यायला तयार आहे. हवा किती ओढली जाते ते मोजायचंय. कॉम्प्युटर म्हणतो अडतीस."

"आणि माझो पत्रो पन्नास म्हणालो तर?"

"तर कॉम्प्युटर चुकला."

दत्ताराम हसले. "मगे करूया. पत्रो खोटा बोलणा नाय."

आठ दिवसांत वर्कशॉपच्या कोपऱ्यात हूड उभं राहिलं. खाली टाकीच्या मापाचं लाकडी टेबल, मागे भिंत, वर पंखा. मुलं वारा मोजायचं यंत्र घेऊन टेबलाच्या कडेने नऊ ठिकाणी उभी राहिली. प्रत्येक ठिकाणी दहा वेळा मोजलं. सगळ्याची सरासरी निघाली चाळीस.

अडतीस आणि चाळीस. यंत्राची थोडीफार चूक धरली तर जवळच. बावन्न मात्र कुठल्या कुठे.

शकुने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पण दत्तारामना ते पुरेसं नव्हतं. पंखा एवढा जोरात फिरतोय आणि वारा चाळीसच, मग उरलेला जातो कुठे? त्यांनी खिशातून अगरबत्तीचा पुडा काढला, एक पेटवली आणि टेबलावर फिरवू लागले. पुढच्या कडेला धूर सरळ वर हूडमध्ये गेला. मग हूडच्या बाहेर, मागच्या भिंतीला लागून अगरबत्ती धरली, तर तिथला धूर हूड आणि भिंत यांच्यामधून झपकन आत ओढला गेला.

"ह्या बघ," दत्ताराम म्हणाले. "तुझो वारो हयसून येता. पंखो पुढचो वारो ओढूच्या जागी मागसून फुकटचो वारो खाता."

हूड आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती. मुलांनी युनिटमध्ये घेतलेल्या मापांत ती होती, नकाशात होती, म्हणून दत्तारामांनी ती तशीच ठेवली होती.

शकु जिना चढून थेट लॅबमध्ये गेली. सोळा नंबरवरची जुन्या आवृत्तीची जाळी तिने पडद्यावर उघडली आणि नेमकी ती जागा मोठी करून बघितली. तिथे फट नव्हतीच. जुनी आवृत्ती चौकोन मोठे पाडत होती आणि दोन बोटांची फट त्या एका चौकोनात बुजून गेली होती. ज्या मशीनवर पंचेचाळीस आलं होतं त्याच्यावर ती कुठे उरली होती, कुठे नाहीशी झाली होती. रुचिराच्या लॅपटॉपवरच्या आवृत्तीत, आणि आता शकुने बांधलेल्या कंटेनरमध्येही, ती पूर्ण होती, वरपासून खालपर्यंत.

मागोमाग मुलं, मॅडम आणि धापा टाकत दत्तारामही आले. शकुने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. दत्ताराम पडद्याजवळ वाकले.

"म्हणजे फट नसताना बावन्न?"

"हो."

"मगे इतक्यात काय अडला? फट बुजवूया!"

इतके आठवडे सगळे कुठला कॉम्प्युटर खरा, कुठला खोटा यावर भांडत होते, आणि जुन्या मशीनचं चुकीचं उत्तर खऱ्या हूडमध्ये बरोबर करून टाकायचं असं या माणसाच्या सहज तोंडात आलं होतं. जान्हवी मॅडम खो खो हसायला लागल्या.

पण ते तितकं सोपं नव्हतं. युनिटमध्ये त्या फटीतूनच आम्लाचे पाइप वर जात होते आणि ते तपासायला मागे हात जायला हवा होता. सगळी फट बुजवता येत नव्हती. किती बुजवायची, कुठे उघडी ठेवायची, हूड खाली घेतलं तर किती घ्यायचं? जान्हवी मॅडमनी मुलांना बसवून पर्याय मांडायला लावले. साठ निघाले. एका पर्यायाला पाच-सहा तास म्हटले, तर एकाच मशीनवर दोन आठवडे लागले असते, आणि तोवर वर्गांना मशीन मिळालं नसतं.

इथे शकुचं काम कामी आलं. मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी, वर्ग नसताना, तिने सदतीस मशीनवर एकच गाठोडं आणि प्रत्येकाला वेगळा पर्याय देऊन काम सुरू केलं. जुनं-नवं, हळू-जलद, कुणाचाही भेद नाही, कारण आत सगळ्यांचा कारभार एक. जे लवकर मोकळे झाले त्यांना पुढचा पर्याय. तेवीस नंबर मध्येच बंद पडला. त्याचं काम तिने चार नंबरला दिलं, आणि काही वाया गेलं नाही. रविवारी दुपारी साठच्या साठ उत्तरं फळ्यावर मांडून झाली होती. रुचिरा एकेक आकडा वाचत होती आणि शकु खडूने लिहीत होती.

सगळ्यात चांगला पर्याय असा निघाला, की खालची तीन चतुर्थांश फट बुजवायची, वरची पाइपांसाठी मोकळी ठेवायची, आणि हूड वीतभर खाली घ्यायचं. पंखा तोच. आम्ल पत्र्याला खातं म्हणून दत्तारामनी प्लास्टिकच्या जाड पट्ट्या कापल्या आणि गरज पडली तर सुट्या करता येतील अशा बसवल्या. युनिट बंद असताना, टाक्या रिकाम्या करून, पुन्हा नऊ ठिकाणी मोजलं. आठ ठिकाणी पन्नासच्या वर. डाव्या कोपऱ्यात चव्वेचाळीस. कॉम्प्युटरने तो कोपरा एवढा कमी दाखवला नव्हता. शेजारी दार होतं आणि तिथून वाऱ्याची झुळूक येत होती, ते मुलांनी नकाशात धरलंच नव्हतं. दत्तारामनी तिथे एक आडवी पट्टी लावली आणि मालकाला सांगितलं की काम चालू असताना हे दार बंद ठेवा.

पंधरा दिवसांनी शकु तिथे गेली. सपना टाकीपाशी उभी होती. "खोकला?" शकुने विचारलं.

"आहे थोडा. पण आधी संध्याकाळी डोळे चुरचुरायचे ना, ते गेलं," सपना म्हणाली. "मालक म्हणाले कॉम्प्युटरच्या बाईने केलंय. तूच का ती?"

"मी, आणि अजून बरेच जण," शकु म्हणाली.

एप्रिलमध्ये प्रोजेक्टची परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक नामांकित, कडक. मुलांनी सगळं सांगितलं. परीक्षकांनी अहवालातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं. "हे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखंच चालतं, असं लिहिलंय तुम्ही. माझ्या लॅपटॉपवर चालवून दाखवा."

जान्हवी मॅडम दारापाशी गेल्या. "शकुताई, जरा आत येता?"

शकु आत आली, लॅपटॉपसमोर बसली, दोन-तीन गोष्टी तपासल्या आणि खुर्ची मागे सरकवली. "सर, हे आज यावर नीट नाही चालणार. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या रचनेचा आहे. मी बांधलंय ते आमच्या लॅबमधल्या रचनेसाठी."

"मग हे वाक्य?"

"चूक आहे, सर. 'आमच्या प्रकारच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर' असं हवं होतं. तुमच्यासाठी वेगळं बांधावं लागेल. कृती तीच. पण बांधल्यावर उत्तर तेच येतं का, हे मी आधी तपासेन, मगच तुम्हाला हो म्हणेन."

विभागप्रमुखांनी रुमालाने मान पुसली. परीक्षकांनी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "यांचं नाव अहवालात कुठे आहे?"

रुचिराने शेवटचं पान उघडलं. ऋणनिर्देशात, अकराव्या ओळीत, ग्रंथपालांच्या नंतर, 'शकुंतला ताडे'. आडनावही चुकलेलं. रुचिराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पहिल्या पानावर घ्या," परीक्षक म्हणाले. "पत्र्याचं काम ज्यांनी केलं त्यांचंही. आणि आडनाव नीट लिहा."

मुलांना चांगले गुण मिळाले. त्याच संध्याकाळी रुचिरा नवीन पहिलं पान घेऊन लॅबमध्ये आली आणि ते शकुच्या टेबलावर ठेवून उभी राहिली. शकुने दोन्ही नावं वाचली, दत्तारामांचं नीट आहे ना ते पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "आता ठीक आहे. जा, दादांना पण दाखव. खाली वर्कशॉपमध्येच असतील."

या सगळ्याने शकुचा हुद्दा काही बदलला नाही. ती आजही लॅब असिस्टंटच आहे आणि सकाळी लॅब तीच उघडते. बदललं ते एवढंच, की तिची कृतीची फाईल हातोहात गेली. घाटकोपरच्या एका पॉलिटेक्निकमधून फोन आला, मग मुलुंडहून, मग बोरिवलीहून. सगळीकडे तेच दुखणं. चार वर्षांत चार प्रकारची घेतलेली मशीन, आणि प्रत्येकाची वेगळी उत्तरं. शेवटी जान्हवी मॅडमनीच प्राचार्यांकडून परवानगी काढली आणि महिन्यातल्या दोन शनिवारी दुपारी शकु आजूबाजूच्या कॉलेजांतल्या लॅबवाल्यांना शिकवू लागली. प्राध्यापक नव्हे, लॅबवाले. कुणी अटेंडंट, कुणी असिस्टंट, कुणी कंत्राटी. पहिल्या दिवशी नऊ जण आले.

मुलुंडहून आलेला नंदकिशोर नावाचा पन्नाशीचा गृहस्थ सर्वांत मागे बसला होता. तो म्हणाला, "ताई, मला आधीच सांगतो, इंग्रजीची बोंब आहे."

"माझी पण होती. अजून थोडी आहे. अडलं की विचारा, लाजू नका."

तिसऱ्या खेपेनंतरच्या सोमवारी नंदकिशोरचा फोन आला. त्याच्या लॅबमध्ये वीस मशीनवर कंटेनर चढले होते, आणि वीसच्या वीस चालले होते. शकुने त्याला शाबासकी दिली. मग विचारलं, "आता पुढे? उत्तर खरं आहे का, कसं बघणार?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आमच्याकडे वर्कशॉपला एक जुने मिस्त्री आहेत," नंदकिशोर म्हणाला. "उद्या त्यांच्याशी बोलतो."